पलीकडची कडी

घराचं काम निघाल्यापासून साळुबाईंना बसवत नव्हतं. बसायला जागा नव्हती हे तर होतंच. मधल्या खोलीतलं सामान पुढच्या खोलीत आलं होतं, पुढच्या खोलीतलं ओट्यावर, आणि ओट्यावरची माणसं रस्त्यावर. पण समोरच्या घरातून कुणी खुर्ची आणून दिली तरी त्या तिच्यावर घडीभर टेकत नसत. उठायच्या, आत जायच्या, हौशीराम गवंड्याच्या पाठीशी उभ्या राहायच्या, पुन्हा बाहेर यायच्या. एक पितळी डबा त्यांनी दिवसभर इकडून तिकडे नाचवला आणि संध्याकाळी जिथं होता तिथंच आणून ठेवला. हौशीराम म्हणालाही, "आजी, उद्यापासून तुमाला बी हजेरीवर घेतो."

भरतला वाटे, आईला धुळीचा त्रास होतोय. हर्षालीला वाटे, सासूबाईंचा जुन्या घरात जीव अडकलाय, भिंती पाडताना बघवत नाही त्यांना. दोघांचंही साफ चुकत होतं. त्या जुन्या घरावर साळुबाईंचं काडीचंही प्रेम नव्हतं. कौलांतून उंदीर पडायचे, मोरीला उतार नव्हता, जिन्याच्या पायऱ्या अशा की उतरताना देव आठवावा. गिझर येणार, संडास घरात येणार, ग्रॅनाइटचा ओटा येणार म्हटल्यावर त्यांनीच पहिल्यांदा पेढे वाटले होते. त्यांचा जीव अडकला होता तो भलतीकडेच. मधल्या खोलीच्या डाव्या भिंतीत.

जुन्नरच्या पेठेतली ती आळी म्हणजे घराला घर चिकटलेलं. दोन घरांत एकच भिंत, तीही दीड वीत जाड. घरं रुंदीला एवढीशी आणि खोल मात्र बोगद्यासारखी. पुढच्या दारातून येणारा उजेड पुढच्या खोलीत संपायचा, मागच्या दारातून येणारा मोरीत संपायचा, आणि मधल्या खोलीला, जिथं चूल होती आणि जिथं बाईचा सगळा दिवस जायचा, तिथं भरदुपारी दिवा. साळुबाईंचे यजमान सावळाराम पिंपरी पेंढारची वाट्याची जमीन भावाला कसायला देऊन बाजार समितीत मापाडी म्हणून लागले, तेव्हा हे घर त्यांनी एका शिंप्याकडून घेतलं. नवी नवरी साळू मधल्या खोलीत आली आणि तिला डाव्या भिंतीतली खिडकी दिसली. हातभर लांब, हातभर रुंद. तिची झडप उघडली की शेजारच्या महंमद हनीफ यांच्या घराचं अंगण. त्या घराच्या पोटात नशिबाने एक उघडा चौक होता, वर आभाळ, खाली रांजण आणि एक पेरूचं झाड. त्या अंगणातला उजेड खिडकीतून साळूच्या चुलीपर्यंत यायचा.

खिडकीबरोबर जैबुन्निसाही आली. ती हनीफभाईंची बायको, साळूपेक्षा चार पावसाळे थोरली. हनीफभाई जातीचे मण्यार, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. लग्नसराईत घरोघर जाऊन बायकांचे हात भरायचं काम मात्र जैबुन्निसाचं. साळूला दुकानात कधी जावंच लागलं नाही. संक्रांत आली, नागपंचमी आली की ती खिडकीतून हात पलीकडे घालायची आणि जैबुन्निसा तिकडे पिढ्यावर बसून, हात दाबून दाबून, बोलत बोलत बांगड्या चढवायची. तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज. खिडकीतून विरजण जायचं, कढीपत्ता यायचा, भरत रांगता असताना तोही एकदा अख्खा पलीकडे गेला होता आणि तिकडे पेरू खात बसला होता.

आता त्या भिंतीत खिडकी नव्हती. होता नुसता गिलावा, त्यावर रंगाचे पापुद्रे.

भरतने नारायणगावच्या एका इंजिनिअर मित्राकडून नकाशा काढून आणला होता. भरत चाकणच्या कंपनीत, सोमवार ते शनिवार तिकडे, रविवारी इथे. हर्षालीचं माहेर आण्याच्या पठारावरचं, घर उघड्या माळावर, चारी बाजूंनी वारा. तिला या बोगद्यात गुदमरायचं. तिने टीव्हीवर घरं पाहिली होती आणि तिचा एक शब्द ठरला होता: घर कसं ऊबदार पाहिजे. ऊबदार म्हणजे भिंतींना सायीसारखा रंग, छतात पिवळे दिवे, लाकडी दिसणारी कपाटं. साळुबाई मनात म्हणत, ऊब काय, चुलीपुढे बसून आमी निम्मं आयुष्य भाजून काढलं. पण सुनेचा उत्साह त्यांना आवडे. नकाशात मधल्या खोलीचं झकास स्वयंपाकघर झालं होतं. उजव्या भिंतीला ओटा आणि कपाटं, डाव्या भिंतीला खालपासून वरपर्यंत फिकट हिरव्या टाइल्स आणि मधोमध फ्रीज.

"इथं खिडकी पायजे," साळुबाई म्हणाल्या.

हे त्यांनी नकाशा उलगडल्या दिवशी म्हटलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. कारण भरत लगेच म्हणाला, त्यात काही अवघड नाही, चौकट आत असेलच, पण ती उघडते चाचींच्या अंगणात. त्या हो म्हणाल्या तर करू. तू विचार.

तू विचार. एवढं सोपं होतं ते.

खिडकी बुजवली होती त्र्याण्णव सालच्या जानेवारीत. त्या हिवाळ्यात मुंबईच्या दंगलीच्या बातम्या रेडिओवर ऐकून सगळ्यांची तोंडं बारीक झाली होती. आळीत कुणी कुणाला वावगं बोललं नाही. पण दुकानं अर्धी उघडायची, अंधार पडायच्या आत बंद व्हायची, आणि ओट्यावर बसणारी माणसं आपापल्या दाराआड गेली. नेमका तेव्हाच सावळारामांनी रंगीत टीव्ही घेतला. पुढच्या खोलीत ठेवला तर सगळी आळी दारात जमेल म्हणून मधल्या खोलीत. उजव्या भिंतीत प्लग नव्हता, प्लग डाव्या भिंतीत. खिडकीतला उजेड काचेवर पडतो, चित्र दिसत नाही, म्हणाले. चांगदेव सुताराला त्या दिवसांत कामच नव्हतं, तो लगोलग आला. खिडकीची झडप काढून तिचीच फळी त्या भिंतीपुढच्या टीव्हीच्या शोकेसला लावली. गवंड्याने विटा रचल्या. दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत काम उरकलं. पलीकडे कुणी सांगितलं नाही.

पुढे काही भांडण वगैरे झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कधीतरी मिटलं असतं. ईदेला शिरखुर्मा पुढच्या दाराने आला, दिवाळीला करंज्या पुढच्या दाराने गेल्या. सावळाराम गेले तेव्हा जैबुन्निसा पहिली धावत आली आणि साळुबाईंच्या हातातल्या बांगड्या तिने कुणाला फोडू दिल्या नाहीत, स्वतः एकेक हलकेच उतरवून घेतल्या. भरतच्या लग्नात हर्षालीचा हात तिनेच भरला. शोकेसकडे पाठ करून बसली होती, एवढंच. खिडकीचा विषय मात्र दोघींनी तोंडातून काढला नाही. त्या भिंतीपुढे आळीतल्या सगळ्यात बोलक्या दोन बायका मिठाची गुळणी धरून बसल्या.

साळुबाई विचारायला गेल्या. एकदा नव्हे, पुष्कळदा गेल्या. पहिल्यांदा व्याह्यांकडून आलेलं लोणचं घेऊन गेल्या, कैरी यंदा कशी आंबटच नाही यावर बोलल्या आणि उठल्या. मग हनीफभाईंच्या गुडघ्याची चौकशी करायला गेल्या. हनीफभाईंनी दोन्ही गुडघ्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, तेवढ्यात जैबुन्निसा बाजारात निघून गेली. मग तिच्या नातीचा, कशिशचा दहावीचा निकाल लागला म्हणून गेल्या. तिथं बसल्या असताना त्यांची नजर अंगणाच्या भिंतीकडे गेली. विटा साळुबाईंच्या बाजूने सपाट बसवल्या होत्या, त्यामुळे पलीकडे खिडकीच्या जागी खोल कोनाडा उरला होता. त्यात जैबुन्निसाने खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती, फणी, हनीफभाईंचं दाढीचं सामान, आणि आरशाचा एक तुकडा उभा करून ठेवला होता. एवढ्या वर्षांचा संसार त्या कोनाड्यात मांडला होता. साळुबाईंनी निकालाचा पेढा अर्धाच खाल्ला. पाणी प्यायल्या आणि काढता पाय घेतला.

घरी हौशीराम वाट बघत असायचा. त्याला डाव्या भिंतीचा निकाल हवा होता. टाइल्स लावायच्या म्हणजे भिंत खरवडायची, खिडकी करायची म्हणजे फोडायची. दोन्ही एकदम होत नाही हे त्याने साळुबाईंना तोंडभर तंबाखू धरून समजावलं. मग मध्येच तो डिंभ्याला गेला, मेव्हण्याच्या घराचा स्लॅब होता. जाताना म्हणाला, मी येईस्तोवर इचारून ठेवा. साळुबाईंना हायसं वाटलं. परतीची गाडी त्याला मिळाली नाही आणि तो आणखी एक दिवस उशिरा आला, तेव्हा तर त्यांनी त्या एसटीला मनोमन हात जोडले. पण आला तो तणतणतच.

"आजी, फरशीवाला उद्या येतोय. झालं का इचारून?"

साळुबाई म्हणाल्या, आज जाते. हौशीराम म्हणाला, तुमचं आज कवाच उजाडत न्हाई, मी आधी गिलावा तरी काढून बघतो आत काय हाय. आणि त्याने छिन्नी लावली. गिलावा ढलप्या-ढलप्यांनी खाली आला. सागाची चौकट दिसली, काळी पडलेली पण धड. चौकटीत विटा. विटांमधला माल निकृष्ट, बोट लावलं तर माती गळत होती. हौशीराम म्हणाला, काय घाईत काम केलंय राव, आणि बघावं म्हणून त्याने वरच्या ओळीतल्या एका विटेला हातोडीचा ठोका दिला. वीट अलगद मागे सरकली आणि पलीकडे गेली.

धप्प आवाज झाला. काच फुटली. आणि त्या विटेएवढ्या भोकातून उन्हाचा एक पट्टा आत घुसला, सगळी धूळ त्यात पेटल्यासारखी झाली आणि तो पट्टा साळुबाईंच्या लुगड्यावर येऊन थांबला.

"कोण हाय रं तिकडं?" पलीकडून आवाज आला.

हौशीरामची बोबडी वळली. साळुबाईंनी त्याला हातानेच गप्प केलं आणि चहाला पिटाळलं. मग त्या विटांच्या ढिगावर चढल्या आणि भोकाशी तोंड नेलं. पळायला आता वाट नव्हती.

"मी हाय भाबी. साळू. लागलं न्हाई ना कुटं?"

"मला न्हाई लागलं. तेलाची बाटली गेली, आरसा गेला."

भोकातून पेरूची पानं दिसत होती. तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज.

"खिडकी काढायचीय व्हय?" जैबुन्निसाने विचारलं.

"तू म्हनलीस तर."

"मंग इचारणार कवा व्हतीस? लोनच्याचं बोललीस, गुडघ्याचं बोललीस. मला काय कळत न्हाई?"

"मला वाटलं, न्हाई म्हनशील."

"म्हनले बी असते. म्हनून काय इचारायचं नस्तंय?"

साळुबाईंनी चौकटीला धरलं. त्या म्हणाल्या, तेव्हा विचारलं नाही ते चुकलं. यजमानांनी टीव्ही आणला होता, प्लग याच भिंतीत होता, उजेड काचेवर पडायचा. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. एवढी वर्षं तोंडात घोळवलेलं उत्तर होतं ते, कुठेही अडखळलं नाही.

पलीकडून फुटकी काच गोळा केल्याचा आवाज तेवढा येत होता.

"टीव्हीचं मला बी म्हाईत हाय," जैबुन्निसा म्हणाली. "आवाज यायचा की. पर साळू, मी त्या दिशी इथंच उभी व्हते. विटा चढत चढत वर आल्या. शेवटची ऱ्हायली तवा तू दिसलीस मला. गवंड्याच्या हातात वीट तूच दिलीस. माझ्याकडं बघत बघत दिलीस. ती टीव्हीसाठी व्हती का दुसऱ्या कशासाठी, येवढंच मला कळलं न्हाई. कधी वाटायचं टीव्हीसाठी, कधी वाटायचं न्हाई. आता खरं काय ते सांग, मंग खिडकीचं बघू."

टीव्ही, एवढा एक शब्द म्हटला असता तरी भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. सावळारामांनी टीव्हीच म्हटलं होतं आणि त्यांच्या मनात आणखी काही होतं का, हे विचारायला आता सावळाराम नव्हते. पण प्रश्न सावळारामांना नव्हताच. वीट त्यांनी दिली नव्हती.

"ह्ये टीव्ही म्हनले," साळुबाई म्हणाल्या. "मी बी टीव्हीच म्हनलं. पर त्या आधी लई दिस मला झोप नव्हती भाबी. रोज काय काय ऐकायचो. तुज्याकडनं काय व्हईल असं न्हाई, तुजी शप्पथ. पर कुनीतरी येईल, तुमच्या अंगनातनं येईल, असं वाटायचं. शेवटची वीट बसली आन त्या रातीला मला झोप लागली."

सांगून झालं तसं त्यांना वाटलं, आपण हे काय बोलून बसलो. पण बोलल्यावर हलकं वाटलं हेही खरं.

"मला न्हाई लागली त्या राती," जैबुन्निसा म्हणाली.

मग रांजणातून पाणी काढल्याचा आवाज आला, अंगण धुतल्याचा आवाज आला. साळुबाई तिथंच उभ्या होत्या. पलीकडून पुढे एक शब्द आला नाही.

फरशीवाला आला त्याला साळुबाईंनी मोरीत धाडलं. डाव्या भिंतीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. हौशीरामला सांगितलं, भोकात काही कोंबू नकोस. पलीकडूनही कुणी काही कोंबलं नाही. त्या भोकातून सकाळी एक विटेएवढं ऊन यायचं, जमिनीवर उतरायचं, सिमेंटच्या पाटीवरून सरकत उजव्या भिंतीला जायचं आणि नाहीसं व्हायचं. हर्षाली ते बघत उभी राहिली आणि म्हणाली, आई, मला आधी का नाही सांगितलंत, इथं इतका उजेड आहे ते? तिने फ्रीजची जागा स्वतःहून बदलली. साळुबाईंना मात्र तो उजेड बघवत नव्हता. त्या दारापर्यंत जायच्या, जैबुन्निसाच्या ओट्यापर्यंत जायच्या, परत यायच्या. जेवण जात नव्हतं. खरं सांगून आपण बाईला नवी जखम केली की जुनी धुतली, हे त्यांना कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. बोलायचं ते बोलून झालं होतं, आता बोलणं पलीकडचं होतं.

रविवारी जैबुन्निसा आली. पुढच्या दाराने, डोक्यावर पदर घेऊन, हळदीकुंकवाला आल्यासारखी. भरत घरी होता. तिने सगळं घर फिरून पाहिलं. गिझर पाहिला, जिना पाहिला, छतातले पिवळे दिवे लावायला लावले आणि छान आहेत म्हणाली. हर्षालीची पाठ थोपटली. मग मधल्या खोलीत येऊन सिमेंटच्या गोणीवर बसली आणि भोकाकडे बोट केलं.

"कर खिडकी. पर झडप माझ्या अंगाला उघडायची, आन कडी माझ्या अंगाला."

भरतला आधी समजलं नाही. समजलं तसा तो हसला, मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाही. तो म्हणाला, चाची, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि आम्हालाच उघडता येणार नाही, असं कसं? हौशीराम तर बघतच राहिला. त्याने आयुष्यात अशी खिडकी केली नव्हती. भरत आईकडे वळला. म्हणाला, यापेक्षा काचेच्या विटा बसवू, उजेड येईल आणि कटकट नाही. त्यांनी कधी उघडलीच नाही तर?

"तर न्हाई उघडनार," साळुबाई म्हणाल्या. "कडी तिकडंच बसंल."

जैबुन्निसाने मान हलवली, चहा घेतला आणि गेली.

चांगदेव आता म्हातारा झाला होता, हात कापायचा, पण झडप त्यानेच केली. शोकेस मोडली तेव्हा साळुबाईंनी तिची मधली फळी बाजूला ठेवली होती. तिच्यावर जुन्या कडीची भोकं तशीच होती. ती त्याने लांबीचा लगदा भरून बुजवली, फळी उलटी फिरवली, पलीकडच्या अंगणात बसून बिजागऱ्या मारल्या आणि नवी कडी लावली. साळुबाईंच्या बाजूने नुसतं गुळगुळीत लाकूड राहिलं. धरायला मूठही नाही.

घर झालं. खरंच सुरेख झालं. सायीसारख्या भिंती, पिवळे दिवे, पाय ठेवताना संकोच वाटावा अशी फरशी. वास्तुशांतीला आण्याहून, पिंपरी पेंढारहून माणसं आली, जिन्यावरून वरखाली करून दमली. बायका स्वयंपाकघरात आल्या की कपाटं उघडून बघायच्या, मग खिडकीला हात लावायच्या, ढकलायच्या आणि विचारायच्या, ही उघडत का नाही? साळुबाई म्हणायच्या, ती आमची न्हाई. बायका हर्षालीकडे बघायच्या. म्हातारीचं डोकं फिरलं असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. जैबुन्निसा आणि हनीफभाई जेवायला आले, पुढच्या दाराने आले, पुढच्या दाराने गेले.

खिडकी बंदच राहिली. हर्षाली ग्रॅनाइटच्या ओट्यावर भरदिवसा पिवळा दिवा लावून पोळ्या लाटायची. बोलायची नाही काही, पण बटण जरा जोरात दाबायची. साळुबाई सकाळी चहा ठेवायच्या आणि कान तिकडे. पलीकडे कळशीचा आवाज, झाडूचा आवाज, हनीफभाईंचं खोकणं. झडपेवर नुसतं बोट वाजवलं असतं तरी ऐकू गेलं असतं. साळुबाईंचा हात कितीदा उचलला जायचा आणि पदरात परत जायचा. वाजवायचं नाही हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण त्यांना ते पक्कं माहीत होतं. नव्या घरातही त्यांना बसवत नव्हतं. हर्षालीने घेतलेल्या सोफ्याला त्यांनी अजून पाठ टेकली नव्हती.

पाऊस सरला, गणपती झाले. पितृपक्षातल्या एका सकाळी साळुबाई भाजी निवडत उभ्या होत्या, आणि कडी वाजली.

झडप पलीकडे गेली. उजेड सगळ्या ओट्यावर आला, भाजीवर आला, साळुबाईंच्या हातावर आला. खिडकीत एक हात आला, त्यात रिकामी वाटी.

"विरजन हाय का गं? रातीचं दूध तसंच ऱ्हायलंय."

साळुबाई हो म्हणाल्या आणि मग त्यांना आठवलं की घरात विरजण नाही. हर्षाली पिशवीचं दही आणायची आणि कालच ती पिशवी संपली होती. त्यांनी वाटी हातात घेतली, थांब म्हणाल्या, आणि हर्षालीला पुढच्या दाराने गल्लीच्या तोंडच्या दुकानात पळवली. ती येईपर्यंत फ्रीज उघडल्यासारखा, बंद केल्यासारखा, काहीतरी शोधल्यासारखा आवाज करत राहिल्या. दही आलं. वाटी पलीकडे गेली. जैबुन्निसाने वास घेतला आणि म्हणाली, "पिशवीचं हाय." पण घेऊन गेली.

दिवसभर खिडकी उघडी राहिली. हर्षालीने दिवा लावला नाही. दुपारी पेरूच्या झाडावरची खार खिडकीपर्यंत येऊन गेली. साळुबाई मुद्दाम कामं काढून तिथंच राहिल्या, डबे पुसले, पुन्हा पुसले, पलीकडे जैबुन्निसा दोरीवर कपडे टाकत होती, धान्य निवडत होती, मध्येच काही म्हणत होती, या काही म्हणत होत्या. फार मोठं काही बोलणं झालं नाही. डाळीचा भाव, कशिशचं कॉलेज, हौशीरामने मोरीचा उतार उलटाच काढला ते. दोघी खिडकीच्या दोन बाजूंना हसल्या.

दिवस मावळायच्या वेळेला जैबुन्निसा हात पुसत खिडकीशी आली. तिने झडपेला हात घातला. साळुबाई ओट्याशी उभ्या होत्या. दोघींची नजर मिळाली.

"डास येत्यात," जैबुन्निसा म्हणाली आणि झडप ओढून घेतली. कडी लागली.

उजेड ओट्यावरून गेला. साळुबाई गुळगुळीत लाकडाकडे बघत राहिल्या. डास होते, यात खोटं काही नव्हतं. पितृपक्षात डास असतातच, रांजणाशी तर जास्तच. पण ते डासांसाठी होतं की दुसऱ्या कशासाठी, हे त्यांना कळलं नाही. उद्याही कळणार नव्हतं. त्या जानेवारीत पलीकडे उभ्या राहिलेल्या बाईला काय झालं असेल, ते त्यांना आता, स्वतःच्या नव्या ऊबदार घरात, पोटात कळलं. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. हर्षाली धावत आली, काय झालं विचारू लागली. साळुबाई म्हणाल्या, काय न्हाई, दिवा लाव.

मग त्यांनी डोळे पुसले, हर्षालीला गवळ्याला फोन करून उद्या चांगलं म्हशीचं दूध आणायला सांगायला लावलं, आणि मग उद्याची वाट कशाला बघायची म्हणून स्वतःच पायात वहाणा घालून त्याच्याकडे गेल्या. रात्री निजायच्या आधी त्यांनी दूध कोमट केलं आणि उरलेल्या पिशवीच्या दह्याने दोन भांड्यांना विरजण लावलं.